घरचं टेनिस कोर्ट: आधी पाण्याचा हिशोब, रंगाचं मग बघू

मुंबईत बसून घरचं टेनिस कोर्ट म्हटलं की समोरचा आधी हसतो, आणि साहजिक आहे, जिथे एका पार्किंगवरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये आवाज चढतात तिथे टेनिससाठी साडेसहा गुंठे कोण मोकळे सोडणार. पण कर्जत, नेरळ, अलिबाग, मुरबाड, वाडा या पट्ट्यात मुंबईकरांनी घेऊन ठेवलेले प्लॉट कमी नाहीत, कोणाची गावची जागा असते, आणि नव्या टॉवरवाल्या सोसायट्यांना पोडियमवर (पार्किंगच्या वरच्या मोकळ्या स्लॅबवर) करायचं काय हा प्रश्न असतोच. हे त्यांच्यासाठी लिहितोय, ज्यांनी आजवर बांधकामातलं काही केलेलं नाही आणि कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन हातात आलं की त्यातलं अर्धं डोक्यावरून जातं.

सगळ्यात आधी एक सांगतो. आपल्याकडे कोर्ट बांधणं म्हणजे पाण्याचं काम. निळाहिरवा रंग, पांढऱ्या लाइनी, नेट हे सगळं शेवटच्या आठवड्यातलं, पण लोक त्याचेच फोटो बघून कॉन्ट्रॅक्टर ठरवतात आणि तिथेच फसतात. सांताक्रूझला वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, आणि कर्जत-माथेरानच्या बाजूला त्याहून बराच जास्त. पूर्ण मापाच्या कोर्टवर नुसता १ इंच पाऊस पडला तरी १७ हजार लिटर पाणी होतं. १०० मिलिमीटरचा दिवस, जो जुलैत आपल्याला नवा नाही, म्हणजे ६७ हजार लिटर. दहा हजार लिटरचे पावणेसात टँकर तुमच्या अंगणात एका दिवसात रिकामे होणार आणि ते पाणी कुठून येईल, कुठे जाईल हे तुम्ही आत्ता ठरवायचंय, रंगाचं शेडकार्ड बघताना नाही.

जागा पुरते का ते आधी बघा

खेळायचा चौकोन ७८ फूट लांब. सिंगल्सला २७ फूट रुंद, डबल्सला ३६. पण हा फक्त लाइनींच्या आतला भाग झाला, खेळणारा माणूस बेसलाइनच्या (टोकाच्या आडव्या लाइनीच्या) बरंच मागे उभा राहतो आणि बाजूलाही पळतो, त्यामुळे सगळं धरून १२० बाय ६० फूट लागतात. ७,२०० स्क्वेअर फूट, म्हणजे साधारण ६.६ गुंठे. घरच्या किंवा क्लबच्या खेळाला थोडं आखडतं घेतलं तर चालतं, बेसलाइनच्या मागे किमान १८ फूट आणि बाजूला १० फूट धरले तर ११४ बाय ५६ मध्ये बसतं. त्याच्या खाली जाऊ नका. मागे १२ फूट ठेवून केलेली कोर्टं असतात, तिथे जरा खोल बॉल आला की माणूस जाळीवर आपटतो आणि मग सगळेच हळूहळू नेटजवळ उभं राहून खेळायला लागतात, त्याला टेनिस म्हणायचं का हा वेगळा विषय.

शिवाय भोवती गटार, चर, रोलर फिरायला जागा लागते, म्हणून मनात ८ गुंठे धरा. सातबाऱ्यावर ८ गुंठे आहेत म्हणून खूश होऊ नका, आकार बघा. लांबट चिंचोळा प्लॉट असेल तर गुंठे असूनही रुंदी भरत नाही. फक्कीने १२० बाय ६० चा चौकोन जमिनीवर मारून बघा, चार खुंट्या आणि दोरी, अर्ध्या तासाचं काम. आंब्याचं झाड आत येतंय, विहीर कोपऱ्यात येतेय, हे कागदावर कळत नाही.

कोर्टाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवायची. पूर्व-पश्चिम ठेवलंत तर सकाळी एकाच्या आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या डोळ्यात सूर्य, सर्व्हिसला बॉल वर उडवला की काही दिसत नाही. आपण खेळणार ऑक्टोबर ते मे, त्यातही सकाळी सातला किंवा संध्याकाळी पाचनंतर, सूर्य नेमका तेव्हाच खाली असतो. ८-१० अंश इकडेतिकडे झालं तर बिघडत नाही, पण प्लॉटच्या कंपाउंडला समांतर दिसावं म्हणून आडवं कोर्ट घालू नका.

परवानगी

कंटाळवाणं आहे पण थोडक्यात. प्लॉट शेतीचा असेल तर कोर्ट हा शेतीचा वापर नाही, आधी तलाठ्याकडे आणि तहसीलला जाऊन एनएचं (बिगरशेती वापराचं) काय आहे ते विचारा. समुद्र किंवा खाडीजवळ सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीचा बांधकाम-नियम, लागतो, अलिबागवाल्यांनी हे पहिल्या दिवशी बघावं. माथेरानभोवती २००३ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, तेव्हा कर्जत-नेरळच्या बाजूचा आपला सर्व्हे नंबर त्यात येतो का ते तपासा. शहरात झाड तोडायचं किंवा हलवायचं असेल तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, रात्रीत फांद्या उडवून टाकू असले सल्ले ऐकू नका. सोसायटीत असाल तर मंजूर प्लॅनमध्ये ती जागा काय म्हणून दाखवलीय ते बघा, आणि फायर ब्रिगेडच्या गाडीच्या रस्त्यावर एक खांबही येता कामा नये.

एक पावसाळा नुसतं बघा

घाई असलेल्यांना हे आवडत नाही पण याच्यासारखा स्वस्त सर्व्हे नाही. जुलैमध्ये धो-धो पाऊस पडत असताना छत्री घेऊन प्लॉटवर जा. पाणी कुठून आत येतंय, कुठे साचतंय, शेजारच्या शेताचा बांध फुटला तर तुमच्याकडे येतं का, ओढा किती फुगतो. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. मग नोव्हेंबरमध्ये कोणी म्हणाला की इथे पाणी थांबतच नाही, तर तो व्हिडिओ दाखवा.

मग जेसीबीने कोर्टाच्या चार कोपऱ्यांत आणि मधे ३-४ फूट खोल खड्डे घ्या आणि थर बघा. जांभा किंवा घट्ट मुरूम लागला तर नशीबवान आहात. भातखाचराची जमीन असेल तर वर काळी-करडी चिकणमाती असते, ती पाणी धरते, फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, तिच्यावर थेट काहीही घातलं तरी दोन पावसाळ्यांत तडा जाणार. ती काढायची. किती, तर घट्ट थर लागेपर्यंत, आणि इथे पैसे वाचवायचे नाहीत. खाडीकाठची भर घातलेली जमीन असेल तर इंजिनिअरकडून सॉइल टेस्ट करून घ्याच.

माती काढली की त्या जागी मुरूम. ७,२०० स्क्वेअर फुटांवर ६ इंच दाबलेला मुरूम म्हणजे ३६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), सुटा माल दाबल्यावर बसतो म्हणून ४५ ब्रासच्या आसपास मागवावा लागतो. एकदम ओतायचा नाही. ६-६ इंचांचा थर, पाणी मारायचं, व्हायब्रेटर रोलर फिरवायचा, मग पुढचा थर. मुरूम ओतून झाल्यावर वरून एकदाच रोलर फिरवतात तेव्हा वरचे ४ इंच दगडासारखे होतात आणि खाली भुसभुशीतच राहतं, बघणाऱ्याला मात्र मस्त वाटतं. शक्य असेल तर हे भरावाचं काम एप्रिल-मेमध्ये उरका आणि एक पावसाळा त्यावरून जाऊ द्या. जिथे बसायचंय तिथे ते बसतं, ऑक्टोबरमध्ये खड्डे दिसतात ते भरून घ्यायचे आणि पुढे जायचं.

भोवतीच्या झाडांचंही आत्ताच बघा. वड, पिंपळ, गुलमोहर, रेन ट्री यांची मुळं कोर्टाखाली घुसून स्लॅब उचलतात. जांभूळ तर कोर्टाच्या डोक्यावर नकोच, मे-जूनमध्ये जांभळं पडून जे डाग पडतात ते रंगातून जात नाहीत.

उतार, म्हणजे खरी मारामारी

इथे जरा वेळ घेतो कारण वाद इथेच होतो. कोर्ट दिसायला सपाट पण पूर्ण सपाट नसतं. उतार लागतो, आणि तो एकाच बाजूला, न्हाणीच्या लादीला मोरीकडे देतात तसा. माप साधं आहे, दर १० फुटांना १ इंच. ६० फूट रुंदीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ६ इंचांचा फरक. खेळताना कळतही नाही.

आमच्या नात्यातल्या एकांच्या नेरळच्या साइटवर मेस्त्री मला म्हणाला, "दादा, मधे नेटखाली चार इंच उंच घेतो, दोन्हीकडे पाणी पळेल, टेन्शन नाय." माणूस हुशार होता, आयुष्यभर रस्ते आणि गोडाऊनच्या फरश्या केलेल्या, त्याच्या हिशोबाने बरोबरच. म्हटलं मामा, नेटची उंची मधे ३ फूट मोजतात, तुम्ही तिथेच टेकाड केलंत तर बेसलाइनवरून नेट उंच वाटणार, आणि दोन्हीकडचं सगळं पाणी जाऊन बेसलाइनच्या मागे थांबणार, जिथे माणूस सगळ्यात जास्त वेळ उभा असतो. लांबीच्या दिशेने एकतर्फी उतार घेतला तर १२० फुटांत १ फूट फरक पडतो, एक जण चढावर खेळतो आणि दुसरा उतारावर. म्हणून आडवा उतार, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, एकच प्रतल. त्याने डोकं खाजवलं, ट्यूब लेव्हल घेतली आणि कडेच्या खुंट्यांवर खिळे मारत गेला, दर १० फुटांना १ इंच खाली. शेवटच्या खुंटीवर बरोबर ६ आले तेव्हा म्हणाला, हे आधी सांगायचं ना.

तर सांगा. कोटेशनवर लिहून घ्या: एकच प्रतल, आडवा उतार, १० फुटांना १ इंच. ट्यूब लेव्हलपेक्षा डम्पी लेव्हल किंवा लेझर लेव्हल आणणारा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

वरच्या अंगाला, म्हणजे डोंगर किंवा शेजाऱ्याच्या शेताकडे, एक खोल चर खणून त्यात जाळीदार पाइप आणि खडी, भोवती जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं, कापड. बाहेरून येणारं पाणी कोर्टाखाली शिरायच्या आधीच त्याने उचलायचं. खालच्या अंगाला १ फूट रुंदीचं उघडं गटार, वर जाळी, आणि ते कुठेतरी सुटलं पाहिजे. ओढ्यात, शोषखड्ड्यात, तळ्यात, कुठेही, पण शेजाऱ्याच्या भातात नाही. विहीर असेल तर गाळणी लावून तिकडे वळवा, मार्चमध्ये स्वतःलाच शाबासकी द्याल. आणि कोर्टाची खालची कडसुद्धा भोवतालच्या जमिनीपेक्षा ४ इंच तरी वर हवी, नाहीतर सगळ्या गावाचा चिखल आत.

काँक्रीट की डांबर

दोन्हींवर कोर्ट होतं. डांबर थोडं लवचीक असतं, जमीन जराशी बसली तर तेही बसतं, आणि जॉइंट येत नाहीत. पण २ इंच डांबराला साधारण ८० टन माल लागतो, तो हॉटमिक्स प्लांटवरून गरमागरम यायला हवा, घाटात ट्रक अडकला तर थंड झालेला माल नीट दाबला जात नाही, आणि पेव्हर मशीन तुमच्या गल्लीतून आत येईल का तेही बघावं लागतं. हाताने फावड्याने पसरलेलं डांबर ड्राइव्हवेला ठीक, कोर्टाला नाही, लाटा येतात. एक कोर्ट करायचं तर मी कोकणपट्टीत काँक्रीटच्याच बाजूचा.

४ इंच जाडीला २,४०० घनफूट काँक्रीट, म्हणजे ६८ घनमीटर. आरएमसीच्या, म्हणजे प्लांटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटच्या, एका गाडीत ६ घनमीटर धरले तर ११-१२ गाड्या. प्लांट किती लांब आहे हे आधी विचारा. साइटवर छोट्या मिक्सरने करायचं म्हणाल तर प्रत्येक घाणीला पाणी कमीजास्त होतं, त्यापेक्षा आरएमसी बरं. एम-२५ ग्रेड, खाली जाड प्लास्टिक शीट, लोखंडी जाळी कव्हर ब्लॉकवर (सिमेंटच्या छोट्या ठोकळ्यांवर) उचललेली. जाळी जमिनीवर पडून राहिली तर ती नुसती गाडलेली, कामाची नाही, ओतताना तिथे उभं राहून बघा.

तडे हे काँक्रीटचं प्रारब्ध. फक्त ते कुठे जावेत हे आपण ठरवू शकतो. मुख्य जॉइंट नेटच्या बरोबर खाली घ्या, तिथे बॉल टप्पा घेतच नाही. बाकीचे ग्रूव्ह २४ तासांच्या आत कटरने मारून घ्यायचे, जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढे खोल, म्हणजे ४ इंचाला १ इंच. उशीर केलात तर काँक्रीट स्वतःच आपली रेघ ओढतं, आणि ती कधीच सरळ नसते. जमीन फारच हलणारी असेल तर पोस्ट-टेन्शन स्लॅब असतो, आतल्या केबल ताणून सगळा स्लॅब आवळून धरतात, चांगला पर्याय आहे पण ते करणारी टीमच हवी, गावचा मेस्त्री नको.

वरची फिनिश घोटून गुळगुळीत करू देऊ नका. मेस्त्रीला गुळगुळीत करण्यात अभिमान वाटतो, त्याला दुखवू नका पण थांबवा. झाडू मारल्यासारखी बारीक खरखर हवी, म्हणजे रंग धरतो. क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून पक्कं करायला, पाणी आणि गोणपाटच, केमिकलचा क्युरिंग कंपाउंड नको, त्याच्यावर अ‍ॅक्रिलिक चिकटत नाही. आणि २८ दिवस थांबायचं.

काँक्रीट ओतायच्या आधी दोन गोष्टी आठवणीने करा. नेटच्या खांबांचे पाया: डबल्सच्या लाइनीपासून ३ फूट बाहेर, म्हणजे दोन खांबांत ४२ फूट. साधारण २ बाय २ चा आणि ३ फूट खोल पाया, त्यात पाइपाची स्लीव्ह बसवायची म्हणजे खांब काढता येतो. मधोमध नेट खाली खेचणाऱ्या पट्ट्यासाठी एक हुक. दुसरं, लाइटच्या वायरींचे पाइप. लाइट आता नको असेल, बजेट नसेल, तरी रिकामे पाइप गाडून ठेवा. नंतर स्लॅब फोडायला कोणी तयार होत नाही, झालाच तर फोडल्यावर पूर्वीसारखा जोडून देत नाही.

टँकर मागवा

२८ दिवस झाले की रंगवाल्याला लगेच बोलावू नका. टँकर बोलवा, सगळ्या कोर्टवर पाणी मारा आणि उन्हात तासभर थांबा. सगळं वाहून गेलं पाहिजे. जिथे डबकं राहिलं तिथे एक नाणं ठेवा, नाणं पाण्यात बुडालं तर तो खड्डा भरायचा, खडूने भोवती गोल काढा, आत नंबर टाका. असे गोल निघणारच, त्यात घाबरण्यासारखं नाही, पॅचिंग मटेरिअलने भरून १० फुटी पट्टीने परत तपासतात. पण हे रंगाच्या आधी. रंगाच्या नंतर दिसलेलं डबकं तुमचं, आधी दिसलेलं कॉन्ट्रॅक्टरचं, आणि म्हणून शेवटचा हप्ता या टेस्टला बांधून ठेवा. काही जण "पावसाळ्यात बघू" म्हणतात. पावसाळ्यात तो फोन उचलत नाही.

आणखी एक टेस्ट. दीड फुटी चौकोनी प्लास्टिक काँक्रीटवर चारही बाजूंनी टेपने चिकटवा, १६ तास ठेवा. उचलल्यावर आत थेंब किंवा काळपट ओल दिसली तर स्लॅबमध्ये अजून पाणी आहे. तसाच रंग मारला तर त्याला फोड येतात. थांबायचं.

रंगाची वेळ म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. अ‍ॅक्रिलिक पाणी उडून सुकतं, दमट हवेत रेंगाळतं, आणि मेच्या दुपारी स्लॅब इतका तापतो की पसरायच्या आधीच सुकतो आणि पट्टे उठतात. काँक्रीट असेल तर आधी सौम्य अ‍ॅसिडने धुणं, मग प्रायमर, मग सिलिका सँड घातलेला रिसरफेसर (पृष्ठभाग एकसारखा करणारा थर) १-२ कोट, मग रंगाचे २ कोट, सगळं रबरी स्क्वीजीने. वाळू किती आणि केवढी यावर कोर्टाचा वेग ठरतो, जाडसर वाळू म्हणजे बॉल धरला जातो आणि कोर्ट स्लो होतं. घरी शिकणारी पोरं आणि पन्नाशीचे आपण असू तर मध्यम-स्लो घ्या, रॅली तरी होते. गुडघ्यांची तक्रार असेल तर रबराचे थर असलेला कुशन सिस्टिमचा प्रकार असतो, महाग पडतो, पण रोज खेळणार असाल तर विचार करा.

रंग आत निळा, बाहेर हिरवा. पिवळा बॉल निळ्यावर उठून दिसतो, यूएस ओपनने २००५ मध्ये आणि ऑस्ट्रेलियन ओपनने २००८ मध्ये याच कारणाने निळा घेतला. विटकरी-लाल आवडत असेल तर तुमची मर्जी, धूळ कमी दिसते हाही फायदा.

लाइनी मारताना मापाची गोम अशी की कोर्टाचं माप लाइनीच्या बाहेरच्या कडेपर्यंत धरतात. काटकोन तपासायला कर्ण मोजा: डबल्सच्या पूर्ण चौकोनाचा कर्ण ८५ फूट ११ इंच, दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे कोपरे बरोबर. सर्व्हिस लाइन नेटपासून २१ फूट. बेसलाइन ४ इंचांपर्यंत जाड चालते, बाकीच्या २ इंच. रंग अ‍ॅक्रिलिकच, रस्त्यावरचा ऑइल पेंट नको, ओल्या लाइनीवर पाय घसरतो. नेट खांबाशी साडेतीन फूट आणि मधे ३ फूट.

क्ले, ग्रास, टाइल्स वगैरे

फ्रेंच ओपनच्या रोलँ गॅरोससारखं लाल मातीचं क्ले कोर्ट बघून मोह होतो. रोज पाणी, रोज झाडणं, रोलर, आणि पावसाळ्यात चार महिने झाकून ठेवणं, त्याला कायम माळी हवा. शनिवार-रविवार जाणाऱ्या माणसाने त्याच्या नादी लागू नये. खऱ्या गवताचं तर नावच नको, विम्बल्डनचं गवत ८ मिलिमीटरवर कापतात आणि त्यासाठी त्यांच्याकडे अख्खी फौज आहे. कृत्रिम गवत वाळू भरून येतं, दिसतं छान, पण आपल्या दमट हवेत त्यात शेवाळ धरतं आणि वरचेवर ब्रश मारावा लागतो.

सोसायटीचा पोडियम किंवा टेरेस असेल तर मात्र वेगळा खेळ आहे. ४ इंच काँक्रीट पूर्ण कोर्टभर घातलं तर वजन १६० टनांच्या घरात जातं. हे ऐकून स्ट्रक्चरल इंजिनिअर काय म्हणेल ते त्यालाच विचारा. तिथे एकमेकांत अडकणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या टाइल्स बऱ्या, हलक्या असतात, पाणी खालून वाहतं, आणि खालच्या फ्लॅटमध्ये गळती लागली की काढून वॉटरप्रूफिंग बघता येतं. बॉलचा टप्पा अ‍ॅक्रिलिकसारखा येत नाही, आवाजही जास्त. पोडियमला ड्रिल मारून खांब लावू नका, वजनाने उभे राहणारे खांब मिळतात.

जागा कमी असेल तर पूर्ण कोर्टाचा हट्ट सोडा. लहान मुलांचं रेड-बॉल कोर्ट फक्त ३६ बाय १८ फूट असतं, ऑरेंज-बॉलचं ६० बाय २१. मऊ, हळू बॉल असतात, पोरं पहिल्या दिवसापासून रॅली करतात, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर घरच्या कोर्टवर सात-आठ वर्षांच्या मुलाला पूर्ण मापात उभं करण्यात काही अर्थ नाही. ३ गुंठेच असतील तर १० फूट उंच, २५ फूट रुंद भिंत, त्यावर ३ फुटांवर पांढरी रेघ, समोर ३० फूट फरसबंदी. भिंतीसारखा पार्टनर नाही, कधी उशिरा येत नाही. फक्त ती भिंत कोणाच्या बेडरूमला लागून नको, रविवारी सकाळी साडेसहाला ठक-ठक सुरू झाली की सेक्रेटरीकडे पत्र गेलंच म्हणून समजा.

जाळी आणि लाइट

मागच्या बाजूला १० फूट उंच चेनलिंक, बाजूंना मधल्या भागात कमी चालते. जाळीचा डोळा ४५ मिलिमीटर, बॉल साडेसहा सेंटिमीटरपेक्षा मोठा असतो त्यामुळे अडकतही नाही. समुद्राजवळ पीव्हीसी कोटिंगवालीच घ्या, साधी जीआय (जस्त चढवलेली) खारट हवेत लवकर लाल होते. एक बाजू उघडता येईल अशी ठेवा, कधीतरी रोलर किंवा टेम्पो आत न्यावा लागतो. हिरवं कापड लावता तेव्हा जाळीचं शीड होतं, सगळा वारा खांबांवर येतो, म्हणून मेच्या मध्यावर कापड उतरवायचंच. तौक्ते २०२१ मध्ये १७ मेला आलं होतं आणि निसर्ग २०२० मध्ये ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर, तेव्हा मिरगाची वाट बघू नका.

लाइटचे खांब बाजूंना, बेसलाइनच्या मागे कधीच नाही. २५ फुटांच्या आसपास उंच, चार खांब, घरच्या खेळाला ३०० लक्स (उजेडाचं माप) भरपूर. पहिल्या पावसानंतर पाखरं येतात ती येतातच, त्यावर उपाय नाही, त्या दिवशी लाइट बंद करून भजी खा.

चार पावसाळी महिने

सप्टेंबरअखेर कोर्टवर काळं-हिरवं शेवाळ येणार. पातळ ब्लीचिंगचं पाणी, मऊ ब्रश, भरपूर पाणी. प्रेशर जेट जवळून मारू नका, रंगाची कातडी सोलून निघते. पावसाळाभर मात्र कोणीतरी आठवड्यातून एकदा गटारावरची पानं काढली पाहिजेत, केअरटेकरला हे एकच काम नीट समजावून सांगा, कारण तुंबलेलं गटार हे कोर्ट खराब व्हायचं सगळ्यात साधं कारण आहे. बारीक तडे नोव्हेंबरमध्ये अ‍ॅक्रिलिक फिलरने भरून टाका, बरीच वर्षं वापरून रंग झिजला की वरचे कोट नव्याने मारायचे, खालचं काम नीट असेल तर तेवढ्यात भागतं.

नेट मेअखेर काढा. आधी वाइंडरने (नेटची केबल ताणायच्या हँडलने) ताण सोडा, मग केबल काढा, वाइंडरच्या गिअरला ग्रीस लावा, खांबांच्या स्लीव्हवर झाकणं बसवा नाहीतर आत पाणी साचून बेडकं राहायला येतात. नेट गुंडाळून पोटमाळ्यावर ठेवू नका, आढ्याला टांगून ठेवा, उंदरांना नायलॉन फार आवडतं.